हजेरीपटावरचे नाव



या व्यासपीठावर आजवर विद्वान मंडळी बोलून गेली. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गिरणीच्या फाटकाशी अधिक झाले. जी पुस्तके वाचली ती रात्रपाळीच्या आधी नाही तर नंतर, आणि तीही कोणी परीक्षा घेणार म्हणून नव्हे. तेव्हा ‘नावांचा इतिहास’ हा विषय आम्ही घेतला तेव्हा काही मित्रांना नवल वाटले. युनियनच्या माणसाने पगार, बोनस, कामाचे तास यांविषयी बोलावे, नावांच्या व्युत्पत्तीशी त्याला काय करावयाचे आहे? त्याचे उत्तर म्हणून आधी एक हकीकत सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी एका सूतगिरणीतील कामगाराची विधवा आमच्या कचेरीत आली. नवरा रिंगखात्यात सव्वीस वर्षे राबला आणि गेला. तिने कापडी पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडले. नेमणुकीच्या कागदावर त्याचे नाव ‘विठ्ठल’, शिधापत्रिकेवर ‘विठोबा’ आणि भविष्यनिर्वाह निधीच्या चिठ्ठीवर रोमन अक्षरांत कोणा कारकुनाने ऐकून लिहिलेले ‘इठू’. पैसे देणाऱ्या कचेरीने तिला विचारले होते, “यातला तुमचा नवरा कोणता?” ती त्यांना म्हणाली, “साहेब, मी एकाच्याच नावानं कुंकू लावलं. ही तीन माणसं तुम्ही केलीत.”

ही बाई लिहिणेवाचणे जाणत नव्हती. पण नावांच्या इतिहासाचे सारे सूत्र तिने त्या एका वाक्यात सांगितले असे आम्हांस वाटते. नाव ठेवतो एक, हाक मारतो दुसरा आणि लिहितो तिसरा. या तिघांचे जमले नाही म्हणजे माणसाचे काय होते, ते आज पाहावयाचे आहे.

प्रथम त्या तीन रूपांकडेच पाहू. विठ्ठल, विठोबा आणि इठू ही एकाच देवाची नावे. आपल्या बोलींत शब्दाच्या आरंभीच्या ‘वि’मधला ‘व’ गळून पडतो. विहिरीची इहीर होते, विस्तवाचा इस्तू होतो, तसाच विठ्ठलाचा इठ्ठल होतो. यात अडाणीपणा काही नाही, तो भाषेचा स्वभाव आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या पंडिताने तर मूळ ‘विठ्ठल’ हा शब्दच ‘विष्णू’ या नावाचे कानडी मुखातून आलेले रूप मानले. कर्नाटकातील होयसळ राजा विष्णुवर्धन हा ‘बिट्टिदेव’ या नावानेही ओळखला जाई, हे त्याला जुळते. म्हणजे ज्याला आपण शुद्ध रूप म्हणतो तेही एके काळी कोणाचे तरी बोलीतले रूपच होते! इठूला हसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता थोडे मागे जाऊ. आपल्याकडे नावांविषयी विचार करण्याची परंपरा फार जुनी. पाणिनीने लाडक्या नावांचे नियम दिले आहेत. ‘देवदत्त’ हे लांबलचक नाव घरात कोण घेणार? त्याचे देविक, देविय, देविल होते, असे तो सांगतो. तुकारामाचा तुका, तुकोबा आणि तुक्या करणारी आपली आई पाणिनीला ओळखत नव्हती, परंतु पाणिनी तिच्यासारख्या आयांना ओळखत होता हे नक्की. पुढे पतंजलीने महाभाष्यात मुलाचे नाव कसे असावे ते सांगितले. जन्मानंतर दहाव्या दिवसानंतर नाव ठेवावे, आरंभीचे अक्षर घोषवर्णाचे असावे, नाव दोन किंवा चार अक्षरी असावे. येथवर हा विचार उच्चाराचा आणि सौंदर्याचा आहे.

परंतु मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावाला दुसराच हिशेब लागला. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे, ठेवावे असे तेथे सांगितले आहे. पाळण्यातल्या पोराच्या कपाळी त्याची पायरी लिहून ठेवण्याची ही व्यवस्था. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले.

येथे एक घाई मात्र टाळली पाहिजे. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू, भिकू, कोंडाजी, उकिर्डा अशी नावे आढळतात, ती सारी मनूच्या आज्ञेने पडली असे पुष्कळ लोक समजतात. आम्हीही तसेच समजत होतो आणि सभांतून तसे बोललोही. पुढे वाचन वाढले तेव्हा चूक कळली. ज्या घरी मुले जगत नसत, त्या घरी पुढच्या मुलाला मुद्दाम ओंगळ वा क्षुद्र नाव ठेवीत. उकिरड्यावरचा केर कोणाला हवा? तेव्हा सटवीची नि मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये, ही त्यामागची कल्पना. हे नाव तिरस्काराचे नव्हे, भयातून आलेल्या मायेचे आहे. आणि ही चाल सर्व जातींत होती. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणारे महर्षी कर्वे (१८५८ ते १९६२) यांचे नाव धोंडो. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. दगडाचेच नाव ते!

मग भेद कोठे आहे? आमच्या मते तो नावात नसून नावाच्या शेपटीत आहे. पेशव्यांच्या घरचा दगड धोंडोपंत झाला, पाटलाच्या घरचा धोंडजी वा धोंडिबा झाला आणि वेठीला धरून आणलेल्या माणसाचा धोंड्या झाला. ‘पंत’ हा पंडित शब्दाचा वंशज, ‘राव’ हा राजा शब्दाचा आणि ‘शेट’ हा श्रेष्ठी या शब्दाचा. विद्या, सत्ता आणि पैसा या तिघांनाही नावामागे बसावयास जागा मिळाली. अंगमेहनतीला मात्र उरला तो ‘या’. तोच ‘या’ आईच्या तोंडी लाडका आणि मुकादमाच्या तोंडी बोचरा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती ‘जिव्या’ याच नावाने. त्यांच्या पाड्यावर त्या ‘या’मध्ये कमीपणा नव्हता. तेव्हा अक्षर दोषी नाही; हाक मारणाऱ्याचा आवाज दोषी असतो.

नावे कोणत्या वाटांनी आपल्याकडे आली हे पाहू गेल्यास मोठी मौज दिसते. बहामनी आणि निजामशाही काळात फारसी-अरबी शब्द दरबारातून आले आणि पाळण्यात जाऊन बसले. हैबतराव यातील ‘हैबत’ म्हणजे धाक, दौलतराव यातील ‘दौलत’ आणि साहेबराव यातील ‘साहेब’ हेही अरबीच. सर्जेराव, हैबतराव हे आधी किताब होते, पुढे खेड्यापाड्यांत बारशाची नावे झाली. पिराजी हे नाव पिराच्या नवसाचे. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शहा शरीफ या पिराला नवस केला आणि म्हणून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. त्याच शहाजींच्या पुत्राचे नाव शिवनेरीच्या शिवाई देवीवरून पडले, असेही परंपराच सांगते. एका घराच्या दोन पिढ्यांत पीर आणि देवी दोघेही सुखाने नांदत होते.

कोकणातील बेने इस्रायल लोकांचे उदाहरण याहून बोलके आहे. हे ज्यू लोक कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर ज्यांनी बांधले त्या सॅम्युअल इझिकेल दिवेकरांना मराठी मुखाने ‘सामाजी हसाजी दिवेकर’ करून टाकले होते. सॅम्युअलचा सामाजी आणि इझिकेलचा हसाजी! आडनाव तर गावाचे, थेट मराठी घाटाचे. यात कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही. शेजाऱ्यांनी शेजाऱ्याचे नाव आपल्या जिभेला बसते करून घेतले.

याउलट एक प्रवास पाहा. मिनांदर नावाचा एक ग्रीक राजा ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात वायव्येकडे राज्य करीत होता. पाली ग्रंथात नागसेन भिक्षूशी त्याचा संवाद आहे; तेथे त्याचे नाव ‘मिलिंद’ झाले. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, त्याला हेच नाव लाभले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर ज्या वस्त्यांत पूर्वी ‘या’ची नावे ऐकू येत, तेथे मिलिंद, राहुल, सिद्धार्थ, सुजाता, संघमित्रा अशी नावे घुमू लागली. पगारवाढीसाठी संप करतात हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु एका पिढीने आपल्या मुलांची नावे बदलून जो लढा दिला त्याची नोंद इतिहासकारांनी त्या मानाने कमी घेतली आहे.

आता लिहिणाऱ्याकडे वळू. एकाच नावाची अनेक रूपे होणे हे आजकालचे नव्हे. नाशिक आणि कार्ले येथील लेण्यांत क्षत्रप नहपानाच्या जावयाचे नाव ‘उषवदात’ असे कोरले आहे. पंडित त्याचे संस्कृत ‘ऋषभदत्त’ करतात. त्याच्या बायकोचे नाव शिलालेखात ‘दखमित्रा’, म्हणजे दक्षमित्रा. सातवाहन राजा पुळुमावी याला टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकाराने ‘पोलेमायोस’ करून टाकले. पुढे सुरतेच्या वखारीतील इंग्रज कारकुनांनी शिवाजी महाराजांना ‘सेवाजी’ लिहिले, आणि शिंद्यांचे तर असे काही ‘सिंदिया’ केले की ते अद्याप उतरले नाही. आपल्या मोडी लिपीतही ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसत आणि ‘शिवाजी’ व ‘सिवाजी’ अशी दोन्ही रूपे चालत. पण तेव्हा राजाचे नाव चुकले म्हणून राजाचे काही अडत नसे. आणि रयतेचे? रयतेच्या बहुतेकांना सही करताच येत नसे. गावच्या कागदावर पाटलाची निशाणी नांगराची, आणि सुतार, लोहार, न्हावी यांची निशाणी ज्याच्या त्याच्या हत्याराची. ज्या हाताला लेखणी माहीत नव्हती त्याने आपले हत्यारच नावाच्या जागी ठेवले. आम्हांस तर ही सही अंगठ्याहून अधिक मानाची वाटते.

कार्ल्याच्या चैत्यगृहाचा एक लेख आम्ही आवर्जून पाहून आलो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ते लेणे खोदण्यासाठी अनेकांनी दाने दिली. त्यांत वैजयंतीचा भूतपाल शेट आहे, गंधाचा व्यापारी सिंहदत्त आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत. आणि त्यांतच एक सुतार आहे. धेनुकाकटचा राहणारा, वेणुवासाचा मुलगा, नाव सामी. दरवाजाचे काम त्याने केले असे लेखात म्हटले आहे. गाव, बापाचे नाव, स्वतःचे नाव, धंदा आणि केलेले काम, हे सारे एका ओळीत दगडावर कोरलेले! हजेरीपटावर याहून आणखी काय हवे? शेटजीचे नाव जेवढ्या खोल टाकीने कोरले तेवढ्याच खोल टाकीने सुताराचेही कोरले. आम्ही त्या उन्हात बराच वेळ उभे होतो. इतकी शतके टिकलेला एका कामगाराचा दाखला समोर होता, आणि आमच्या पिशवीत सव्वीस वर्षेही न टिकलेल्या दाखल्याचे कागद होते.

कारण यंत्रयुग आले तेव्हा हा मान गेला. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली. कोकणातून आणि देशावरून माणसे आली. भरती मुकादमाच्या तोंडी सांगण्यावर, आणि मस्टर मात्र इंग्रजी. मराठीत ‘ळ’ आहे, ‘ण’ आहे, ‘ज्ञ’ आहे. रोमन लिपीत त्यांना घर नाही. ‘ज्ञानेश्वर’ लिहावयाचा तर कोणी डी-एन-वाय लिहितो, कोणी जी-वाय, कोणी संस्कृताकडे पाहून जे-एन. ‘विठ्ठल’मध्ये एक टी की दोन, ‘धोंडू’च्या शेवटी यू की दोन ओ, हे टाइमकीपरच्या मर्जीवर. आणि इतकाही त्रास नको म्हणून बिल्ल्याचा नंबर होताच. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या मागण्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, त्यावर साडेपाच हजार कामगारांची संमती होती. त्या अर्जाच्या मागण्या सुटीच्या आणि तासांच्या होत्या हे खरे. परंतु नंबरांच्या गर्दीतून माणसे प्रथमच आपापल्या नावानिशी पुढे आली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

नाव देण्याचे सर्वांत मोठे दान आम्हांस ठाऊक आहे तेही एका गिरणी कामगाराचे. रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या कामगाराने उचलून घरी आणले आणि त्याला आपले नाव लावले. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे (१९२६ ते २०१०). ज्याच्या घरी स्वतःच्या पोटाची भ्रांत, त्याने नाव वाटून घ्यावयास मागेपुढे पाहिले नाही.

स्त्रियांच्या नावांचा इतिहास याहून दुःखाचा आहे. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. पहिल्या डॉक्टर स्त्रियांपैकी आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुनाच! महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई माहेरच्या गोदूबाई. तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले की जुने नाव माहेरच्या उंबऱ्याआड राही. मोठ्या घरांत ही हौस. कष्टकरी बाईच्या दृष्टीने तो पुढे कज्जा ठरला, कारण तिचा शाळेचा दाखला एका नावाचा आणि वारसपत्र दुसऱ्या. आणि काहींना तर पहिलेच नाव नको असलेले मिळाले. मुलगी पुन्हा झाली म्हणून ‘नकुशी’. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेंहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. केरू, दगडू या नावांत मूल जगावे ही आस होती. नकुशीत ती आसही नव्हती. दोन्ही नावे ओंगळ, पण दोहोंतले अंतर पाहा!

आईच्या नावाचेही तसेच. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी, दोघांच्याही नावामागे आई उभी आहे. मधली कित्येक शतके आपल्या कागदोपत्री आईला जागा नव्हती. नावात स्वतःच्या नावापाठोपाठ आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. नवे म्हणून काहींनी नाके मुरडली. ते नवे नाही. सातवाहनांइतके जुने आहे.

आता त्या बाईच्या हकीकतीचा शेवट सांगावयाचा राहिला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा, निवृत्तिवेतनाची योजना १९९५ ची. हे सारे हक्क कामगारांनी लढून मिळविले, आणि प्रत्येक हक्काच्या दारावर नाव जुळण्याची अट आहे. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिले आधारपत्र दिले गेले, तेव्हा आम्हांस वाटले की आता माणूस एकच राहील. झाले असे की चुकीचे लिहिलेले चौथे नाव तीन जुन्या नावांत येऊन मिळाले. यंत्र कितीही शहाणे असले तरी त्यात नाव घालणारा माणूसच असतो.

त्या बाईच्या कामी आम्हांस तिन्ही नावे एकाच माणसाची असल्याचा पुरावा हवा होता. कोणीतरी म्हणाले, “आपल्या वर्गणीच्या पावत्या आहेत की! सव्वीस वर्षांच्या.” आम्ही मोठ्या विश्वासाने जुनी पावतीपुस्तके काढली. पानामागून पान उलटले. प्रत्येक पावतीवर लिहिले होते ‘विठू, रिंगखाता’. बापाचे नाव नाही, आडनाव नाही. त्यांतल्या कितीतरी पावत्यांवर अक्षर आमचेच होते. कारकुनाने त्याला तीन माणसे केले होते. चौथा आम्ही केला होता. जो मान मागण्यासाठी आम्ही फाटकावर घसा कोरडा करीत होतो, तो द्यावयास आमच्याच लेखणीला वेळ नव्हता.

प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात, सहकाऱ्यांच्या साक्षी हे सर्व करून तिला पैसे मिळावयास चौदा महिने लागले. ती पेढे घेऊन आली तेव्हा आम्ही तिला पावतीपुस्तकाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “भाऊ, ते तुम्हाला इठूच म्हणून माहीत होते. त्याचा राग नाही. पण लिहिताना इचारायचं होतं.”

तेव्हापासून आमच्या कचेरीत एक रीत पडली आहे. नवा सभासद आला की त्याचे नाव आम्ही आधी त्याच्या तोंडून ऐकतो, आईबापांची नावे विचारतो, नागरीत लिहितो, रोमनमध्ये लिहितो, आणि त्याला वाचून दाखवतो. तो हो म्हणाला म्हणजे मगच पावती फाडतो. यास प्रत्येकी चार-पाच मिनिटे जास्त लागतात. तरुण कार्यकर्ते कधी कुरकुरतात, तेव्हा आम्ही त्यांना एकदा कार्ल्याला नेऊन आणतो आणि वेणुवासाचा मुलगा सामी, सुतार, याची गाठ घालून देतो.

आपणही घरी गेल्यावर आपल्याकडे काम करणाऱ्या बाईचे, दूध घालणाऱ्याचे, इमारतीच्या रखवालदाराचे पूरे नाव आपणांस ठाऊक आहे काय, एवढे मनाशी विचारून पाहावे. नसल्यास उद्या त्यांनाच विचारावे.